ब्राउझरमधली पाळत: काय बंद करायचं, काय सोडून द्यायचं

पुढं वाचण्याआधी कॉम्प्युटरवर फायरफॉक्स उघडा आणि रोज वाचता ती कुठलीही बातम्यांची साइट लावा. पत्त्याच्या पट्टीत डावीकडे ढालीचं छोटं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करा. त्या पानावरून तुमचा माग काढायला कोण कोण आलं होतं आणि फायरफॉक्सनं कुणाला अडवलं, ते तिथं दिसतं. ओळींवर आणखी क्लिक केलं की नावंही दिसतात. बातमी आषाढी वारीची असो नाहीतर कांद्याच्या भावाची, यादीत जाहिरात कंपन्यांची नावं असतात, आणि त्यांतली बरीचशी तुम्ही कधी ऐकलेलीही नसतात.

मी मिरजेत डीटीपीचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं सेंटर चालवते. सात-बारा, कॉलेजचे प्रवेश, रेल्वेचं तिकीट, लग्नपत्रिका, सगळं एकाच टेबलावर. मिरज हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे पेशंटचे नातेवाईकही येतात. रिपोर्टची प्रिंट घेतात आणि जाता जाता आजाराचं नाव गूगलवर बघायला सांगतात. एका कॉम्प्युटरवर दिवसभर इतकी माणसं बसली की पाळत डोळ्यांना दिसायला लागते. सकाळी कुणी ठिबकच्या पाइपची चौकशी केली की दुपारी बारावीच्या मुलीच्या फॉर्मशेजारी ठिबकची जाहिरात हजर. हे हसण्यावारी जातं. डायलिसिसचा खर्च किंवा गर्भपाताच्या गोळ्या असं काही शोधलेलं पुढच्या माणसासमोर आलं, तर जात नाही. घरातल्या सामाईक लॅपटॉपवरही हेच होतं. फक्त तिथं तो पुढचा माणूस तुमचे सासरे असतात.

सेटिंग्ज बदलायला बसण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. तुम्ही एका साइटवर काय वाचलंत, यात पाळत ठेवणाऱ्याला फारसा रस नसतो. दहा ठिकाणी केलेल्या दहा गोष्टी एकाच माणसाच्या आहेत हे कळलं, तर त्या माहितीला भाव येतो. म्हणून आपलं काम लपून बसण्याचं नाही, ही जोड तोडण्याचं आहे. जोडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: कुकी, लॉगिन, लिंकची शेपटी, ब्राउझरचा ठसा आणि तुमचा मोबाइल नंबर. लोक सगळा वेळ पहिलीवर घालवतात आणि शेवटचीकडे बघतही नाहीत.

मेनूंची नावं मी इंग्रजीतलीच सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा फोन आणि कॉम्प्युटर इंग्रजीतच असतो.

कुकी

कुकी म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी ओळखचिठ्ठी. ती १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी काढली. दुकानाच्या साइटवर तुम्ही टोपलीत काय टाकलंय ते पुढच्या पानावर गेल्यावरही लक्षात राहावं, एवढाच हेतू होता. ती कुकी आजही लागते. ती नसेल तर बँकेच्या साइटवर प्रत्येक क्लिकला पासवर्ड टाकत बसाल. आपल्याला नको आहे ती तिऱ्हाइताची कुकी, म्हणजे थर्ड-पार्टी कुकी. बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानात एकच माणूस वही घेऊन कोपऱ्यात बसलाय असं समजा. दुकानदार वेगळे, वही एकच. तुम्ही औषधाच्या दुकानातून सोनाराकडे गेलात तरी नोंद तुमच्याच पानावर होते.

आयफोनमधल्या सफारी ब्राउझरनं २०२० मध्ये अशा सगळ्या कुकी आपणहून बंद केल्या. फायरफॉक्सनं २०२२ मध्ये प्रत्येक साइटच्या कुकी वेगवेगळ्या ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे इथली नोंद तिथं वाचता येत नाही. क्रोमची गोष्ट मात्र लांबली. दोन वर्षांत या कुकी काढून टाकू, असं गूगलनं जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं. मग तारखा पुढं पुढं गेल्या आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीचा ब्राउझर आहे, मला त्याचं नवल वाटलं नाही. तेव्हा क्रोम वापरत असाल तर हे काम तुम्हालाच करायचं आहे.

क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग थर्ड-पार्टी कुकीज. तिथं 'ब्लॉक थर्ड-पार्टी कुकीज' निवडा. कॉम्प्युटरवर आणि फोनवर, दोन्हीकडे करा. एकीकडे केलं म्हणजे दुसरीकडे आपोआप झालं असं गृहीत धरू नका. त्याच भागात 'अ‍ॅड प्रायव्हसी' असं पान दिसलं तर आतली सगळी बटणं बंद करा.

फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, आणि एनहान्स्ड ट्रॅकिंग प्रोटेक्शनखाली 'स्ट्रिक्ट'. आयफोनवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये 'प्रिव्हेंट क्रॉस-साइट ट्रॅकिंग' चालू आहे ना, एवढं बघा.

आता अडचण. हे केल्यावर काही साइट रुसतात. दुसऱ्या साइटची चौकट पानात आणून पैसे घेणारी पोर्टल, कॅप्चा (तुम्ही माणूसच आहात ना, हे तपासणारं कोडं), शाळांची काही अ‍ॅप. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, अशा वेळी जीव टांगणीला लागतो. म्हणून परीक्षा फी किंवा प्रवेशाचं पेमेंट करायच्या आधीच, त्या एका साइटपुरतं संरक्षण उतरवायला शिकून ठेवा. फायरफॉक्समध्ये त्या ढालीवर क्लिक करून बटण बंद करायचं. क्रोममध्ये कुकी अडवल्यावर पत्त्याच्या पट्टीत डोळ्याचं चिन्ह येतं, तिथून त्या साइटला तात्पुरती परवानगी देता येते. काम झालं की परत चालू. 'चालत नाही' म्हणून सगळीच सेटिंग्ज कायमची मागं नेणारे मी बरेच पाहिलेत.

परदेशी साइटवर 'अ‍ॅक्सेप्ट ऑल' विचारणारी पट्टी येते, तिथं 'रिजेक्ट ऑल' शोधा. मोठं रंगीत बटण कायम होकाराचं असतं. नकार 'मॅनेज ऑप्शन्स'च्या आत दडवलेला असतो.

एकच एक्स्टेन्शन

कुकी अडवली तरी माग काढणारा कोड पानाबरोबर येतच राहतो. तो येऊच नये, यासाठी यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं जादा साधन, टाका. रेमंड हिल यांनी ते बनवलं. फुकट आहे आणि ते देणग्याही घेत नाहीत. नाव पूर्ण वाचून घ्या, 'ओरिजिन' हा शब्द हवाच. नुसत्या 'यूब्लॉक' नावाचं वेगळंच एक्स्टेन्शन आहे आणि ते दुसऱ्यांच्या हातात आहे.

क्रोमनं २०२५ मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद केली, त्यात मूळ यूब्लॉक ओरिजिनही गेलं. क्रोमवर आता 'यूब्लॉक ओरिजिन लाइट' मिळतं. नसल्यापेक्षा बरंच बरं, पण मूळची ताकद त्यात नाही. फायरफॉक्सवर पूर्ण चालतं, अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवरसुद्धा. अँड्रॉइडच्या क्रोमवर एक्स्टेन्शन टाकताच येत नाहीत. मी फोनवर क्रोम सोडला, त्याचं हे एकच कारण पुरेसं होतं. ज्यांना काहीही टाकायचं-लावायचं नको असतं त्यांना मी ब्रेव्ह ब्राउझर देते, त्यात अडवण्याची सोय आतच असते. त्यातली क्रिप्टोची बटणं मला आवडत नाहीत. ती बंद करून द्यावी लागतात.

आणि तेवढ्यावर थांबा. दुरुस्तीला आलेल्या लॅपटॉपमध्ये कूपन शोधणारं, पीडीएफ बदलणारं, व्हिडिओ उतरवणारं अशी एक्स्टेन्शनची रांग असते. प्रत्येकानं 'सगळ्या साइटवरचा सगळा मजकूर वाचण्याची आणि बदलण्याची' परवानगी घेतलेली असते. त्या परवानगीत तुमच्या बँकेचं पानही येतं. आज सरळ असलेलं एक्स्टेन्शन उद्या विकलं जाऊ शकतं. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं क्रोमचं एक्स्टेन्शन लोक वर्षानुवर्षं विश्वासानं वापरत होते. मालक बदलला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक कोड असल्याचं सांगून गूगलला ते काढून टाकावं लागलं. फुकट अँटिव्हायरसचंही तसंच. अव्हास्ट ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती आपल्याच एका उपकंपनीमार्फत विकत होती, हे २०२० मध्ये उघड झालं. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२४ मध्ये त्यांच्याकडून १.६५ कोटी डॉलर भरून घेतले. पाळतीपासून वाचवतो म्हणणारा स्वतः काय करतो, हा प्रश्न आधी विचारायचा.

लॉगिन: इथं कुकीची गरजच उरत नाही

सगळ्या कुकी अडवल्या आणि जीमेल उघडं ठेवून त्याच ब्राउझरमध्ये दिवसभर गूगलवर शोधत राहिलात, तर गूगलपुरतं काहीच अडवलं नाही. तुम्ही नाव सांगून आत गेलेला आहात.

माझी पद्धत साधी आहे. जीमेल, यूट्यूब आणि फेसबुक क्रोममध्ये. बँक आणि सरकारी पोर्टल विंडोजबरोबर येणाऱ्या एज ब्राउझरमध्ये, तिथं दुसरं काहीही उघडायचं नाही. बाकीची सगळी भटकंती फायरफॉक्समध्ये, आणि तिथं कुठंही लॉगिन नाही. तीन ब्राउझर सांभाळणं जड वाटत असेल तर क्रोममध्येच दोन प्रोफाइल करा. प्रोफाइलच्या कुकी एकमेकींना दिसत नाहीत. मात्र जीमेलमध्ये शिरलं की क्रोमही तुमच्या नावानं साइन-इन होतो. ते नको असेल तर कॉम्प्युटरवर 'सिंक अँड गूगल सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'अलाउ क्रोम साइन-इन' बंद करा.

मग गूगल खात्यात जा. 'माय अ‍ॅक्टिव्हिटी' पानावर 'वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' बंद करता येते. बंद करायचं मन होत नसेल तर निदान 'ऑटो-डिलीट' तीन महिन्यांवर ठेवा. यूट्यूबच्या हिस्टरीचं तिथंच आहे. ते पान पहिल्यांदा बघताना सावकाश खाली जा. आपण कोणत्या रात्री किती वाजता काय शोधलं ते तारीखवार लिहिलेलं असतं. माझ्याकडे आलेले एक निवृत्त शिक्षक ते बघून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ताई, आमच्या हिला हे दाखवू नका."

फेसबुक-इन्स्टाग्रामचं वेगळं. त्यांच्या 'अकाउंट्स सेंटर'मध्ये 'युअर अ‍ॅक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' असं लांबलचक नाव शोधा. दुकानांनी, अ‍ॅपनी आणि साइटनी तुमच्याबद्दल मेटाला, म्हणजे या दोन्हींच्या मालक कंपनीला, काय काय कळवलं त्याची यादी तिथं असते. आधीचं पुसा आणि पुढचं तोडा, दोन्ही बटणं वेगवेगळी आहेत. हे कळवणं 'पिक्सेल' नावाच्या कोडच्या तुकड्यानं होतं, आणि तो कुठंही असू शकतो. 'द मार्कअप' या अमेरिकी वृत्तसंस्थेनं २०२२ मध्ये तिथली १०० नामांकित रुग्णालयं तपासली. त्यांतल्या ३३ जणांच्या साइटवर तो पिक्सेल होता आणि रुग्णानं अपॉइंटमेंटचं बटण दाबलं की त्याची खबर फेसबुकला जात होती. मिरजेत बसून हे वाचल्यापासून मी आजारासंबंधीचा कुठलाही शोध लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्येच करते आणि लोकांनाही तसंच करून देते.

लिंकची शेपटी

हे पटकन होतं. फेसबुकवरून बाहेरच्या साइटवर गेलात की पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि 'एफबीसीएलआयडी' असं काहीतरी लांब चिकटतं. गूगलच्या जाहिरातीला 'जीसीएलआयडी', यूट्यूबवरून शेअर केलं की 'एसआय'. ती खूणगाठ असते. लिंक पुढं पाठवण्याआधी हा भाग खोडा. मात्र प्रश्नचिन्हानंतरचं सगळंच सरसकट खोडू नका. यूट्यूबच्या लांब पत्त्यात व्हिडिओची ओळख प्रश्नचिन्हानंतरच असते. फायरफॉक्समध्ये लिंकवर राइट क्लिक केलं की शेपटी काढून कॉपी करायचा पर्याय मिळतो, आणि 'स्ट्रिक्ट'वर असाल तर ओळखीच्या शेपट्या तो स्वतःच कापतो.

इनकॉग्निटो

"ताई, मी तर इनकॉग्निटोतच बघत होतो की!" हे वाक्य मला तोंडपाठ झालंय.

इनकॉग्निटोची काळी खिडकी बंद केली की त्या मशीनवरची हिस्टरी आणि कुकी जातात. घरच्यांपासून लपवायला, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसायला उत्तम. क्रोम त्या खिडकीत थर्ड-पार्टी कुकीही आपणहून अडवतो. पण साइटला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा नंबर, दिसतो, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते दिसतं, ऑफिसच्या वायफायवर असाल तर ऑफिसलाही. आणि आत जाऊन जीमेल उघडलंत तर विषयच संपला. यावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर खटला झाला. २०२४ च्या तडजोडीत गूगलनं अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं आणि त्या खिडकीवरची सूचनाही बदलली. साइट तुमची माहिती गोळा करतातच, हे आता तिथं लिहिलेलं असतं. वाचत कुणी नाही.

ठसा, आणि आपले मराठी फॉन्ट

कुकी नाही, लॉगिन नाही, तरी ओळख पटू शकते. ब्राउझर प्रत्येक साइटला पडद्याचा आकार, वेळेचा पट्टा, भाषा, ग्राफिक्स कार्ड कसं रेखाटतं, कोणते फॉन्ट आहेत, असं बरंच काही कळू देतो. एकेका गोष्टीत विशेष नाही. सगळं मिळून मात्र बहुतेक वेळा तुम्ही एकटेच उरता. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं २०१० मध्ये ४,७०,१६१ ब्राउझर तपासले, त्यांतले ८३.६ टक्के त्या यादीत एकमेव निघाले. त्यांची 'कव्हर युअर ट्रॅक्स' नावाची साइट आजही आहे. एक बटण दाबायचं, तुमचा ब्राउझर किती वेगळा दिसतो ते कळतं.

डीटीपीवाल्यांनी इथं कान द्यावा. लग्नपत्रिका आणि फ्लेक्ससाठी आपण मशीनवर मराठी फॉन्टची गठ्ठ्यानं भरती करतो. कुठले फॉन्ट आहेत हे साइटला अंदाजानं तपासता येतं, आणि तुमच्याच फॉन्टचा संच असलेली दुसरी मशीन जगात असणं अवघड. त्यात ब्राउझरची भाषा मराठी ठेवलेली, म्हणजे गर्दीतून आणखी बाजूला. भाषा मी बदलणार नाही. मराठी वापरणाऱ्यांची गर्दी वाढली तर हा प्रश्न आपोआप कमी होईल, असं माझं मत आहे. फॉन्टची मशीन मात्र वेगळी ठेवते: त्यावर पत्रिका होतात, भटकंती होत नाही. ते जमत नसेल तर फॉन्ट मॅनेजरनं काम असेल तेव्हाच फॉन्ट चालू करा.

ठशावर घरगुती इलाज थोडेच आहेत. फायरफॉक्सचा 'स्ट्रिक्ट' ओळखीचे ठसे घेणारे कोड अडवतो, ब्रेव्ह काही उत्तरं मुद्दाम थोडी थोडी बदलून देतो. फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जमध्ये 'रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग' नावाचा जालीम उपाय आहे, यूट्यूबवरचे बरेच 'गुरू' तो चालू करायला सांगतात. तो वेळेचा पट्टाही लपवतो. साइटला आपण भारतात आहोत हे कळत नाही, आणि वेळ साडेपाच तास मागची दिसू शकते. डॉक्टरांची वेळ किंवा परीक्षेचा स्लॉट घेताना हा घोळ परवडणारा नाही. चालू करू नका. ज्याला खरंच ओळख लपवायची गरज आहे, म्हणजे पत्रकार किंवा तक्रारदार, त्यानं टोर ब्राउझर वापरावा. तो सगळ्यांना सारखंच दाखवायचा प्रयत्न करतो. त्याची खिडकी मोठी करू नका, नवीन काही टाकू नका.

फोन

फोनवर ब्राउझरपेक्षा अ‍ॅप जास्त बोलतात. जून २०२५ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी दाखवलं की अँड्रॉइडवर ब्राउझरमधला मेटाचा पिक्सेल फोनच्या आतल्या आत इन्स्टाग्राम आणि फेसबुकच्या अ‍ॅपशी बोलत होता. तुम्ही कुकी पुसा, इनकॉग्निटो वापरा, ब्राउझिंग तुमच्या खऱ्या नावाच्या खात्याला जोडलं जात होतं. रशियाची यांडेक्स कंपनी तसलाच प्रकार २०१७ पासून करत होती. बातमी आली त्याच दिवशी मेटानं ते बंद केलं. माझा निष्कर्ष: जे काम साइटवर होतं त्यासाठी अ‍ॅप ठेवू नये. फेसबुक मी फोनच्या ब्राउझरमध्ये बघते. जरा हळू चालतं, त्यामुळे कमी बघितलं जातं, हाही फायदाच.

इन्स्टाग्राममध्ये लिंकवर टिचकी मारली की पान त्यांच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं, तुमच्या फायरफॉक्सची सगळी तटबंदी बाजूला राहते. कोपऱ्यातल्या तीन टिंबांतून बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा, मगच काही टाइप करा.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये गूगल, मग अ‍ॅड्स, तिथं 'डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी'. वेगवेगळ्या अ‍ॅपना तुम्ही एकच आहात हे सांगणारा तो नंबर. पुसल्यानं काहीही बिघडत नाही. आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, ट्रॅकिंग, आणि 'अलाउ अ‍ॅप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक' बंद. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा नंबरी पत्ता शोधून देणारी सोय. तिथं अ‍ॅडगार्डचा फुकटचा डीएनएस पत्ता टाकला तर अ‍ॅपमधल्याही बऱ्याच जाहिराती आणि पाळतीचे पत्ते उघडतच नाहीत. एखादं अ‍ॅप अडलं तर हे आठवा आणि तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' करा.

व्हीपीएनबद्दल, म्हणजे तुमची वाहतूक दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवणाऱ्या सेवेबद्दल, हमखास विचारतात. साइटपासून तो फक्त आयपी लपवतो. कुकी, लॉगिन, ठसा, सगळं आहे तसंच. वर तुमची सगळी वाहतूक व्हीपीएनवाल्याच्या हातात. फेसबुकनं २०१३ मध्ये ओनावो नावाची कंपनी घेतली होती. तिचा फुकट व्हीपीएन लोक कोणकोणती अ‍ॅप वापरतात ते फेसबुकला सांगत होता. फुकट व्हीपीएन टाकू नका, एवढंच.

मोबाइल नंबर

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. वरचं सगळं नीट केलंत आणि तोच नंबर सगळीकडे देत राहिलात, तर जोड पुन्हा बसली. बिग बझार पद्धतीच्या बिलिंग काउंटरवर, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, कर्जाच्या चौकशीत, लग्न जुळवणाऱ्या साइटवर, सगळीकडे तोच दहा आकडी नंबर. कंपन्या आपल्या ग्राहकांच्या नंबरांची आणि ईमेलची यादी सांकेतिक करून गूगल-मेटाकडे चढवतात, तिकडे ती तुमच्या खात्याशी जुळवली जाते, आणि दुकानात घेतलेल्या कुकरची जाहिरात फोनवर येते. यात ब्राउझरचा संबंधच येत नाही.

बारावीच्या निकालानंतर माझ्याकडे दरवर्षी हे चालतं. 'मागच्या वर्षीची कट-ऑफ यादी डाउनलोड करा' असं कुठल्यातरी खासगी साइटवर असतं, त्याआधी छोटा फॉर्म: नाव, नंबर, टक्के. भरला की संध्याकाळपासून पुण्या-बंगळुरूच्या कॉलेजांचे फोन सुरू, ते दिवाळीपर्यंत. कट-ऑफ यादी सीईटी सेलच्या सरकारी साइटवर नंबर न देता मिळते. मी पालकांना आधी तीच उघडून देते.

करायचं काय? दोन सिमचा फोन बहुतेकांकडे असतोच. बँक, आधार, पॅन यांना जोडलेला नंबर फक्त त्यांच्यासाठी ठेवा, तो दुकानात उच्चारायचाही नाही. दुसरा नंबर चौकशीसाठी, त्याची रिंग बंद. ईमेलचंही तसंच: फायरफॉक्स रिले किंवा आयफोनचं 'हाइड माय ईमेल' प्रत्येक साइटला वेगळा पत्ता बनवून देतं. कोणी विकला ते त्यातून लगेच कळतं. काउंटरवर 'नंबर सांगा' म्हटलं की 'नाही देत' म्हणा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय की नंबरसाठी ग्राहकाला अडवू नका. मागं रांग असली की बोलायला जड जातं हे खरं. तरी बोला. बिल नंबराशिवाय निघतं.

कायदा आलाय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ चे. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्यातली दोन कलमं कामाची: संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, मिळायला हवी, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला बंदी आहे. मराठीतली सूचना मागायला लागा. कुणी मागितलीच नाही तर ती कोपऱ्यातल्या एका लिंकमागं पडून राहील.

माझ्यासारख्याच्या सेंटरवर बसलात तर

बसल्या बसल्या क्रोमच्या कोपऱ्यातल्या गोल चिन्हावर क्लिक करून 'गेस्ट' खिडकी मागा. ती बंद केली की त्यातलं सगळं पुसलं जातं. पासवर्ड 'सेव्ह' करू का विचारलं तर 'नेव्हर'. डाउनलोड केलेली पीडीएफ मात्र गेस्ट खिडकीबरोबर जात नाही. आधारची प्रत, मार्कशीट, मेडिकल रिपोर्ट डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडून राहतात. ते स्वतः डिलीट करा आणि रिसायकल बिनही रिकामी करा. मी करतेच, पण तुम्ही माझ्यावर विसंबू नका. प्रिंटसाठी फाइल व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून काढली असेल तर उठण्याआधी फोनवर 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून आमचा कॉम्प्युटर काढून टाका. डिजिलॉकरमधून लॉगआउट. घरी गेल्यावर गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी'त 'युअर डिव्हायसेस' बघा. तिथं अनोळखी विंडोज मशीन दिसली आणि गाव मिरज असेल, तर ती बहुधा माझीच. तिथूनच साइन-आउट करा, मला फोन करायची गरज नाही.